शिक्क्याचा कागद

मी फार बोलते, हे सांता मारिया शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात मी सव्वीस वर्षं राबतेय, तिथली मोठी बाई म्हणते, एर्मेलिंदा, तुझ्या तोंडाला झाकणच नाही. नाहीच आहे. आणि ज्या एका दिवशी तोंड उघडायला हवं होतं, त्या दिवशी मात्र मी एक अख्खं वाक्य गिळून टाकलं. ते वाक्य माझं नव्हतंच. मला ते फक्त एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे पोचवायचं होतं.

ओतिलिया माझ्याच गावची. सरहद्दीपलीकडच्या डोंगरातलं आमचं गाव, तिथं स्पॅनिशसुद्धा शाळेत गेलेल्यालाच येते. ती एकोणिसाव्या वर्षी इकडे आली ती थेट स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत वाकली, आणि अजून वाकलेलीच आहे. तिला आमची मिश्तेक बोली येते, स्पॅनिश मोडकीतोडकी, इंग्रजीच्या नावानं शून्य. मी नऊ वर्षांची असताना बापाबरोबर आले, म्हणून माझ्या तोंडात तीन भाषा. त्यामुळे गल्लीतला प्रत्येक कागद आधी माझ्या जेवणाच्या टेबलावर यायचा. शाळेची चिठ्ठी असो, दवाखान्याची असो, कोर्टाची असो. दारात उभं राहून लोक म्हणायचे, "दोन्या एर्मेलिंदा, एवढं वाचून दाखवता का?" आणि ते "दोन्या", म्हणजे बाईसाहेब, ऐकून माझी मान दोन बोटं वर जायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

ओतिलियाला मुलगी झाली, यादिरा. बाप्तिस्म्याला तिला मी हातात धरलं. त्या दिवसापासून ओतिलिया आणि मी कोमाद्रे झालो, म्हणजे मुलीची आई आणि मुलीची धर्माची आई, तिची मादरीना. आमच्यात हे नातं सख्ख्या बहिणीच्या वर. बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी भांडायचं नसतं. आदल्या दिवसापर्यंत मी तिला "ए ओतिलिया, इकडे ये गं" म्हणून हाक मारायची. दुसऱ्या दिवसापासून दोघी एकमेकींना "तुम्ही" म्हणायला लागलो. मुलीचं काहीही असलं की आई कोमाद्रेला विचारते, आणि कोमाद्रे म्हणेल ते होतं.

यादिरा चार वर्षांची असताना तिचा उजवा डोळा नाकाकडे वळायला लागला. डॉक्टर म्हणाला, डोळा अधू नाही, आळशी आहे, डाव्यावर भागतंय म्हणून उजवा कामच करत नाही. चष्मा लावायचा आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची, म्हणजे आळशी डोळ्याला नाइलाजानं काम करावं लागेल. "सात-आठ वर्षांची होईपर्यंत हे नेटानं करा," तो म्हणाला. "तोवर डोळा शिकतो. नंतर शिकत नाही." हे वाक्य मी ओतिलियाला पूर्ण सांगितलं होतं. शब्दन् शब्द.

पट्ट्या मी शिवल्या. आमच्याकडच्या ब्लाउजवर असतात तशी लाल फुलं त्यांच्यावर भरली. पोरगी तरी ती उपटून फेकायची. "मादरीना, मला नको ही, मला काहीच दिसत नाही!" मी म्हणायची, "दिसत नाही म्हणूनच बांधायची, भवाने. त्या आळशाला उठव." पाचव्या वर्षापर्यंत ती नुसत्या उजव्या डोळ्यानं मक्याच्या पिठाच्या पिशवीवरची मोठी अक्षरं वाचायला लागली होती. चष्मा, डॉक्टर, तपासण्या, सगळं मुलांच्या सरकारी दवाखाना-कार्डावर चालायचं. यादिरा इथंच जन्मलेली. त्या घरात जन्मापासून कुणाच्या परवानगीची गरज नसलेली ती एकटीच.

आणि मग तो नियम आला.

आबुंदियो, ओतिलियाचा नवरा, बापाच्या कागदांवर नागरिक झालेला. त्यानं बायकोसाठी अर्ज केला होता, आणि अर्ज सरकत सरकत शेवटच्या पायरीवर आला होता. शेवटची पायरी म्हणजे हुआरेस. सरहद्दीपलीकडचं शहर. तिथल्या वकिलातीच्या खिडकीपुढे उभं राहायचं. खिडकी हो म्हणाली तर कागद घेऊन परत यायचं, नाही म्हणाली तर तिकडेच राहायचं, किती वर्षं ते देवाला ठाऊक. आमच्या गल्लीत हुआरेसचं नाव निघालं की बायका छातीवर क्रूस काढतात.

रेडिओवर सांगायला लागले की, जो सरकारवर ओझं होईल असं वाटतं त्याला आत घेणार नाहीत. वय बघणार, तब्येत बघणार, शिक्षण बघणार, इंग्रजी येतं का बघणार, सरकारकडून काय काय घेतलं ते बघणार. लाँड्रीत कपडे वाळेपर्यंत दुसरा विषय नव्हता. एक म्हणाली, तिच्या भावजयीला पोराच्या दुधाच्या कुपनांवरून अडवलं. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण सगळ्यांची पाचावर धारण बसली.

माझा तर नुसता संताप संताप झाला. ओझं म्हणे! जी बाई पहाटे उठून, दहा तास कंबरेत वाकून ह्या अख्ख्या देशाला स्ट्रॉबेरी खाऊ घालते, ती ओझं! त्यांच्या पोरांच्या वाढदिवसाच्या केकवर जी लाल फळं असतात ती काय त्यांच्या आजीनं खुडली? पण संतापानं काय होतं. संताप करून मी शेवटी त्यांचंच ऐकलं.

ओतिलिया एका रविवारी माझ्याकडे आली. आबुंदियो तेव्हा वर उत्तरेला, वॉशिंग्टन राज्यात, सफरचंदांच्या हंगामावर गेलेला. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"कोमाद्रे, यादिराचं कार्ड... ते मोजतील का हो?"

"मोजतील म्हणजे? सरकारचंच ना ते?"

"पण ती तर इथली."

"ती इथली, पण जेवते कुणाच्या ताटात? तुमच्या. खिडकीतला माणूस काय विचारील? तुमच्या घरात सरकारचं काय येतं? मग काय सांगाल?"

ती म्हणाली, "मला तिकडे ठेवून घेतलं तर पोरीचं कोण करील?"

"म्हणून तर सांगतेय. देऊन टाका कार्ड. आणि नुसतं द्यायचं नाही, कागद घ्यायचा. शिक्क्याचा."

तो कागद म्हणजे काय, हे आमच्या गावच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे प्रत्येक घरानं गावाची सेवा करायची असते. एक वर्ष निरोप्या, एक वर्ष पाण्याचा, रविवारी सगळ्यांनी मिळून रस्ता. ते झालं की गावचा मुखत्यार कागद देतो: ह्या माणसाची सेवा पूर्ण आहे, ह्याच्याकडे गावाचं काही बाकी नाही. खाली जांभळा शिक्का. तो नसेल तर गावात तुम्हाला कुणी विचारत नाही. माझा आजा गेला तेव्हा बापाची दोन वर्षांची सेवा राहिली होती, तर कबर खणायला एक माणूस आला नाही. शेवटी काकानं दोन वर्षं त्याच्या वाटची सेवा पत्करली तेव्हा कुदळ हलली. असा तो कागद. माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की सरकार कुठलंही असो, "बाकी नाही" असा शिक्का दाखवला की त्याचं तोंड बंद.

आम्ही काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत गेलो. खिडकीत एक फिलिपिनो बाई होती, चष्म्याला साखळी लावलेली. मी तिला सांगितलं, ह्या मुलीचं कार्ड बंद करायचं आहे, आणि आमच्याकडे काही बाकी नाही असा शिक्क्याचा कागद हवा आहे.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काय बाकी नाही?"

"काहीच. तेवढंच लिहा."

तिनं कळफलकावर काहीतरी खटखट केलं, यादिराची माहिती वाचली, आणि खुर्ची पुढे ओढून आवाज खाली आणला. "इमिग्रेशनच्या भीतीनं करताय का? हे बघा, हे कार्ड मुलीचं आहे. मुलगी इथं जन्मलेली आहे. मुलीचं कार्ड आईच्या अर्जात धरत नाहीत. रोज माणसं येतात आणि घाबरून बंद करून जातात, मी प्रत्येकाला सांगते. तिचे डोळ्यांचे उपचार चाललेत. बंद करू नका. यांना सांगा."

"यांना सांगा," असं ती ओतिलियाकडे बोट करून म्हणाली. मग परत म्हणाली, "तुमच्या भाषेतला दुभाषा फोनवर मिळतो आमच्याकडे. लावू का? फुकट आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मी आहे ना," मी म्हणाले. "दुभाषा कशाला?"

ओतिलियानं माझी बाही ओढली. "काय म्हणाल्या, कोमाद्रे?"

हाच तो क्षण. आजवर मी हजार वेळा स्वतःला विचारलंय, का गं बये? मला वाटलं, सरकारी माणसं गोड बोलतात आणि मागून नोंद करतात, हे एक. पण ते खरं अर्धंच. उरलेलं अर्धं असं की मी आधीच अख्ख्या लाँड्रीला, अख्ख्या गल्लीला छातीठोकपणे सांगून बसले होते की हे सगळं मोजतात. माझ्या सांगण्यावरून आणखी तिघींनी कार्डं परत केली होती. आता ह्या साखळीवाल्या बाईचं ऐकलं तर दोन्या एर्मेलिंदाचं काय राहिलं?

"म्हणाल्या, इथं सही करा," मी म्हणाले.

ओतिलियानं सही केली. अक्षर अक्षर जोडून, जीभ दातांत धरून. खिडकीतल्या बाईनं एक सुस्कारा सोडला आणि कार्ड बंद झाल्याचं पत्र छापलं. मी म्हटलं, शिक्का. ती म्हणाली, ह्याला शिक्का नसतो. मी म्हटलं, मग माराच. शेवटी तिनं टपालावर मारतात तो तारखेचा शिक्का त्यावर उमटवला. निळा होता. ओतिलियानं ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि घरी मरियेच्या तसबिरीमागे ठेवलं.

मी म्हटलं होतं, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, मुलाखत झाली की परत कार्ड काढू. हुआरेसची तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे. एक कागद कमी पडला, मग तो आला तर दुसऱ्याची मुदत संपली. चौदा महिने गेले.

त्या चौदा महिन्यांत यादिराच्या चष्म्याची काडी मोडली, तिला चिकटपट्टी लावली. मग पोरीचं डोकं वाढलं, चष्मा कानांवर बसेना. काचांचा नंबर बदलला असेल, कोण बघणार? खाजगी डॉक्टरकडे जायची ऐपत नव्हती. पट्टी मी नवीन शिवून दिली, पण चष्म्याशिवाय पट्टी बांधली की ती भिंतींना धडकायची आणि रडायची, मग ओतिलियाला बघवेना. तिनं मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणाले, "थोडेच दिवस, कोमाद्रे. आता कुठे माघार घ्यायची? एवढं केलं ते पाण्यात घालायचं का?"

आणि मला दिसत होतं. तेच तर. शाळेत दुपारी जेवणाच्या रांगेत यादिरा माझ्याच समोर येते. ती चमच्यासाठी हात पुढे करायची आणि हात चमच्याच्या बाजूला पडायचा. मी चमचा तिच्या मुठीत द्यायची आणि ओरडायची, "नीट बघ की! लक्ष कुठं असतं तुझं?" जूनमध्ये तिला सातवं लागलं... नाही, सात पूर्ण झाली. मी तिला तीन थरांचा केक केला. वर स्ट्रॉबेरी.

अखेर तारीख आली. आबुंदियो ओतिलियाला हुआरेसला घेऊन गेला, यादिरा माझ्याकडे राहिली. पाच दिवस पोरगी रोज विचारायची, आई तिकडे राहणार का? मी म्हणायची, गप झोप.

ओतिलिया परत आली. कागद झाले! अख्खी गल्ली माझ्या अंगणात जमली, तिनं स्वतः मोले, मिरच्यांचा दाट रस्सा, केलं, आणि सगळ्यांसमोर हसत हसत मुलाखतीची गोष्ट सांगितली.

"मी आपला शिक्क्याचा कागद सगळ्यांच्या वर ठेवला. खिडकीतल्या माणसानं तो उलटून बघितला, सुलटून बघितला. म्हणाला, हे काय आहे, सेन्योरा? मी म्हटलं, आमच्याकडे सरकारचं काही बाकी नाही. तो म्हणाला, हे तर मुलीचं आहे, हे आम्ही विचारत नाही. आणि काचेखालून सरकवला की परत! मग आबुंदियोच्या पगाराचे कागद बघितले, त्याच्या भावानं जामीन म्हणून सही केली होती ती बघितली, आणि झालं. मला तर श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नाही." ती माझ्याकडे वळली. "पण तुमच्यामुळे माझ्या जिवाला धीर होता, कोमाद्रे." आणि वाकून तिनं माझ्या हाताचा मुका घेतला.

सगळे हसले. मीही हसले. आणि त्या वेळीही मी तोंड उघडलं नाही. तिथं उघडायला पाहिजे होतं. सगळ्यांसमोर.

पुढच्याच आठवड्यात आम्ही कार्ड पुन्हा काढायला गेलो. माझ्या नशिबानं खिडकीत तीच बाई. तिनं आम्हाला ओळखलं. ह्या वेळी तिनं मला विचारलंसुद्धा नाही. फोन उचलला, बटण दाबलं, आणि आमच्या बोलीत एका तरुण मुलीचा आवाज आला. बोलण्याची ढब आमच्या शेजारच्या गावची होती. ओतिलियाचा चेहरा उजळला. "अगं बाई! कुठली गं तू?"

खिडकीतली बाई अर्जातलं विचारत गेली, पोरगी सांगत गेली, ओतिलिया उत्तरं देत गेली. मी बाजूला उभी, रिकामी. शेवटी ती बाई म्हणाली, "हे बंद करायची गरज नव्हती, हे मी मागच्या वेळीच म्हटलं होतं. मुलीचं कार्ड आईच्या अर्जात धरत नाहीत. मी यांना सांगितलं होतं की तुम्हाला सांगा."

फोनमधल्या पोरीनं ते जसंच्या तसं आमच्या बोलीत आणलं. नीट, सावकाश, एकही शब्द न टाकता. चांगली होती कामाला.

ओतिलियानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीवरच्या सूचनेकडे बघितलं. तिनं सही केली, पेन खाली ठेवलं. बाहेर गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "कोमाद्रे, मी तुमच्या भल्यासाठीच..." ती म्हणाली, "शाळा सुटायची वेळ झाली. चला." तेवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. कोमाद्रेशी भांडायचं नसतं, पण मी तिला म्हटलं असतं, भांडा.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओतिलियानं मला बोलावलं नव्हतं. मी गेले. मुलीची धर्माची आई आहे, कोण अडवणार? दुभाष्यासाठी ओतिलियानं आल्या आल्या तिथल्या मुलीला दोन शब्द इंग्रजीत म्हणून दाखवले, घरून पाठ करून आणलेले. "फोन, प्लीज."

डॉक्टरनं यादिराचा डावा डोळा झाकला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. सगळ्यात वरचं, ताटाएवढं अक्षर. यादिरा मान तिरकी करून बघत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मादरीना, कुठे आहे?" भिंत समोरच होती.

त्यानं बराच वेळ तपासलं. मग खुर्ची ओतिलियासमोर ओढली आणि फोनकडे तोंड करून बोलला. प्रयत्न करू, म्हणाला. नवा चष्मा, पट्टी, सगळं परत सुरू करू. थोडंसं काही परत येईलही. पण शिकायची जी वर्षं होती ती गेली. मधे खंड पडला नसता तर जेवढं दिसलं असतं, तेवढं आता दिसणार नाही. खोटी आशा मी देत नाही.

फोनमधल्या पोरीनं सांगितलं. हलक्या आवाजात, पण सगळं. शेवटचं खोट्या आशेचंसुद्धा.

ओतिलियानं पर्स मांडीवर घट्ट धरली होती. तिनं यादिराच्या केसांवरून हात फिरवला, भांग नीट केला. मग माझ्याकडे वळली. सात वर्षांत तिनं मला एकेरी हाक मारली नव्हती.

"एर्मेलिंदा," ती म्हणाली, "तुला इंग्रजी येतं ना? तू ऐकलंस, तूच सांग मला. हिनं सगळं सांगितलं का गं? काही गाळलं तर नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "सगळं सांगितलं."